रडणारी पृथ्वी आता पुरे

मुलांसाठीचं पर्यावरणाचं पुस्तक उघडावं, तर ती हमखास भेटते. तोंडात थर्मामीटर, डोळ्यांत पाणी, कपाळावर ओली पट्टी ठेवलेली पृथ्वी. पुढे बर्फाच्या तुकड्यावर अडकलेलं ध्रुवीय अस्वल, आणि शेवटी सूचना : नळ बंद करा, दिवे मालवा, कचरा वेगळा करा. मोठ्यांचं पुस्तक घ्यावं, तर आलेख, परिषदांची नावं आणि सगळं हातचं गेल्याचा सूर. लहानांना उपदेश आणि थोरांना धास्ती, ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्याबद्दल कुणी शंकाही घेत नाही. ती घ्यायला हवी, कारण ही वाटणी मुळातच चूक आहे.

तिच्या समर्थनार्थ पहिलं म्हणणं असं की, मुलांना गुंतागुंत झेपत नाही. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आलं ते मोठ्यांसाठी. त्यातली रॉबिन पक्ष्यांची हकिगत पाहा. अमेरिकेत एल्मच्या झाडांना रोगापासून वाचवायला डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, विष गांडुळांच्या अंगात साठलं. वसंतात परतलेल्या रॉबिनांनी ती गांडुळं टिपली आणि पाखरं मरून पडू लागली. एका रॉबिनचा जीव घ्यायला ११ मोठी गांडुळं पुरेशी होती, असं कार्सन नोंदवतात. यातलं काय चौथीतल्या मुलाला कळणार नाही? पान, गांडूळ, पाखरू! याच पुस्तकाने पेटवलेल्या वादातून पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली.

मुलांना घाबरवू नये, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. पण घाबरवतं कोण? ग्रह आजारी आहे आणि तो तूच बरा करायचास, असं आठ वर्षांच्या जिवाला सांगणं हीच खरी भीती. विष पानातून पाखरापर्यंत कसं पोचलं हे सांगितलं, तर मुलाच्या हाती एक प्रश्न येतो. प्रश्न हाती असलेलं मूल हतबल होत नाही.

दुसरं म्हणणं पुस्तकांच्याच विरोधात आहे आणि ते जास्त लोकप्रिय आहे : पुस्तकं कसली वाचता, झाडं लावा. हा सल्ला ऐकूनच आपण किती नुकसान केलं आहे! सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचे माळ हे स्वतंत्र निसर्ग आहेत. माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल यांना उघडं गवतच लागतं. त्या माळाला ‘पडीक’ म्हणून आपण तिथे खड्डे खणले आणि परदेशी गिरिपुष्प लावलं. हेतू चांगला, हात कष्टाळू, आणि तरी पाखरांचं घर गेलं. न वाचता केलेली कृती ही अशी असते.

मग कसली पुस्तकं हवीत? १९०८ च्या सुमारास मुंबईत एका शाळकरी मुलाने पिवळ्या कंठाची चिमणी मारली आणि ती कुठली हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी त्याला संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकं दिली. त्यांत ‘एहा’ या नावाने लिहिणाऱ्या, साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड एटकेन यांचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. ते काही बालसाहित्य नव्हतं. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९४१ मध्ये त्यांनी भारतीय पक्ष्यांवर स्वतःचं पुस्तक काढलं, आणि पुढे पुण्यातल्या एका मुलाने त्यांना पत्र घातलं : वेड्या राघूच्या शेपटीतली ती लांब काडी दिसत नाही, असं का? उत्तर आलं, ती पिसं गळतात आणि पुन्हा येतात. पत्र लिहिणारे माधव गाडगीळ २०११ च्या पश्चिम घाट अहवालाच्या समितीचे अध्यक्ष होते.

यांतल्या कुणालाही कुणी पृथ्वी वाचवायला सांगितलं नव्हतं. समोरचं पाखरू नेमकं कोणतं, एवढंच नीट सांगितलं होतं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधल्या वानरटोळ्या, चितमपल्लींची रानं यांनीही हेच केलं. ही पुस्तकं ‘पर्यावरण’ या कपाटात सहसा नसतात, ‘ललित’मध्ये असतात. ग्रंथपालांनी ती आधी तिकडून काढून मुलांच्या हाताशी ठेवावीत.

आणि नवी लिहावीत ती तालुक्यांची. कोकणातल्या सड्याचं, म्हणजे कातळाच्या पठाराचं, एक पुस्तक कुणी लिहावं : पावसाळ्यात कातळावर साचणारी डबकी, त्यांच्या कडेची सीतेची आसवं आणि तिचे सूक्ष्म जीव पकडणारे इवले फुगे, सड्यात मुरणारं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला कसं मिळतं ते. त्यात चिरेखाणीचंही प्रकरण हवं, खाणीवर राबणाऱ्यांच्या पोटाच्या प्रश्नासकट. ते नातवाने मोठ्याने वाचावं, आणि आजोबांना आठवेल ती झऱ्याची जागा त्यांनी समासात लिहून ठेवावी, म्हणून पानांना समास रुंद सोडावेत.