घामाच्या जागी धनादेश नको

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली. १८६० च्या दंडसंहितेत नसलेली एक शिक्षा तिने आणली : सामुदायिक सेवा. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी करणारा प्रथमच दोषी ठरला आणि त्याने माल वा त्याची किंमत परत केली, तर त्याला हीच शिक्षा द्यावयाची आहे. सार्वजनिक जागी मद्यधुंद होऊन केलेले गैरवर्तन, अब्रुनुकसानी अशा आणखी पाच अपराधांसाठी ती पर्यायी शिक्षा आहे. दोषी व्यक्तीने समाजाच्या उपयोगाचे काम विनामोबदला करावे, हा तिचा आशय. आम्ही तिचे मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी आताच म्हणू लागली आहेत की, प्रतिष्ठित माणसाला झाडू मारावयास लावण्यापेक्षा त्याच्याकडून एखाद्या धर्मादाय संस्थेला देणगी घ्यावी. अमेरिकेतील काही न्यायालये अशी मुभा देतात, हे खरे. आपल्याकडेही उभयपक्षी समेट झाल्यावर फिर्याद रद्द करताना उच्च न्यायालये पक्षकारांना कधीकधी संस्थेस रक्कम देण्यास सांगतात. पण तेथे कोणी दोषी ठरलेला नसतो. येथे प्रश्न दोषी ठरलेल्याच्या शिक्षेचा आहे आणि ती देणगीने फेडण्याची मुभा संहितेच्या मजकुरात नाही. ती नसावी, असेच आमचे ठाम मत आहे.

पैशाने भोगावयाची शिक्षा कायद्यात आधीपासून आहे. तिला दंड म्हणतात. देणगी हा तोच दंड, फक्त तो भरणाऱ्याला वर आभाराचे पत्र मिळते! सिव्हिल लाइन्समधील बंगलेवाल्याची पाच हजार रुपये म्हणजे एका संध्याकाळची मेजवानी. इतवारीतील हमालाची ती कित्येक दिवसांची कमाई. दोघांनी मेयो रुग्णालयाचे आवार झाडले, तर चार तास दोघांनाही चारच तास. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातील अपघातात दोन तरुण जीव गेले. अल्पवयीन चालकाला जामीन देताना निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. तरीही श्रीमंताला न्याय सौम्य भेटतो, हा जुना संशय बळावला. देणगीची मुभा त्या संशयावर शिक्कामोर्तब करील.

ख्रिस्तसभेला हा मोह अपरिचित नाही. मध्ययुगाच्या प्रारंभी आपल्या प्रायश्चित्ताचे उपवास पैसे मोजून इतरांकडून करवून घेण्याची रीत धनिकांत शिरली. इ. स. ७४७ मध्ये इंग्लंडातील क्लोव्हेशो येथील धर्मसभेने तिचा निषेध केला. पुढे पापदंडमाफीच्या नावाने देणग्या गोळा झाल्या; त्यातून केवढी फूट पडली, हे वाचकांना सांगावयास नको. अखेर ट्रेंट धर्मपरिषदेने १५६२ मध्ये त्या गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले. एवढी किंमत मोजून शिकलेला धडा आपण न्यायालयाच्या दारात विसरावा काय?

कोणी जक्कयाचा दाखला देईल. त्याने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना दिली. पण ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचेही वचन दिले, आणि तेही कोणी न सांगता. शिक्षा टाळण्याचा तो सौदा नव्हता. आपल्या विदर्भातील गाडगेबाबांनी लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या, तरी हातातला खराटा खाली ठेवला नाही.

वृद्धाश्रमातील धर्मभगिनींचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. औषधांना पैसा लागतो आणि अननुभवी माणसावर देखरेख ठेवणे हे वाढीव काम असते. ते ओझे आम्ही नाकारीत नाही. म्हणून ते एकट्या धर्मभगिनींवर न टाकता धर्मग्रामातील निवृत्त मंडळींनी पाळीपाळीने उचलावे. रोजंदारीवरच्या माणसाचा रोज बुडू नये, यासाठी न्यायालयाने त्याला सुटीच्या दिवशी सेवा द्यावी. आजारी वा अपंगास झेपेल तेच काम सांगावे. अडचणीला असे उपाय आहेत. पैसेवाल्यासाठी वेगळे दार उघडणे, हा उपाय नव्हे.

तेव्हा आपल्या शाळांना, दवाखान्यांना आणि वृद्धाश्रमांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : शिक्षेच्या बदल्यात देऊ केलेला धनादेश, कितीही मोठा असो, नम्रपणे परत करावा. न्यायालयाने माणूस पाठविला, तर त्याला आत घ्यावे, काम दाखवावे, दुपारी आपल्याच पंगतीला बसवावे आणि त्याचा अपराध कोणता, हे कोणी विचारू नये.