गंडिपेटचे पाणी

ज्याने एकदा गंडिपेटचे पाणी चाखले, तो हैदराबाद सोडून जात नाही, असे येथील जुनी माणसे म्हणत. नोकरीनिमित्त येथे आलेली आणि येथीलच होऊन गेलेली आपली कित्येक मराठी कुटुंबे या बोलाची साक्ष देतील. त्या पाण्याची कुळकथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी कोपली आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. अफजलगंजातील ज्या चिंचेने त्या दिवशी सुमारे दीडशे जीव आपल्या फांद्यांवर तोलून धरले, ती उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही उभी आहे. पुढील वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते आपणांस परके नव्हेत. शहराच्या वरच्या अंगासच पूर अडवावा, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर आणि इसीवर १९२७ मध्ये हिमायतसागर सिद्ध झाला. काळ होऊन आलेले पाणी घरोघरी जीवन होऊन वाहू लागले. गंडिपेट हे उस्मानसागराकाठचे गाव. लोकांनी तलावालाही तेच नाव दिले.

आज शहराची तहान मुख्यतः कृष्णा, गोदावरी व मांजरा भागवितात. मग या तलावांची मातब्बरी ती काय, असे आता ऐकू येते. तलावांभोवतीच्या दहा किलोमीटरांत प्रदूषणकारी कारखाने व मोठ्या वसाहती यांना मनाई करणारा आदेश १९९६ मध्ये निघाला होता. ८४ गावे त्याच्या कक्षेत होती. ते निर्बंध उठविण्याचा आदेश २०२२ मध्ये निघाला. परंतु कृष्णा-गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरून पंपांनी आणावे लागते. गंडिपेटचे पाणी उताराच्या बळावर आसिफनगरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आपल्या पायांनी चालत येते. शिवाय पूर थोपविण्याचे काम दूरची नदी कशी करणार?

परवा माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. त्या भागात त्याने भूखंड घेतला आहे. "सर, गच्चीवरून तलाव दिसेल," तो हर्षाने म्हणाला. मी पेढा घेतला, अभिनंदन केले आणि सहज विचारले, "तुझ्या गच्चीवरचा पाऊस तलावात कसा पोचेल रे?"

"गटारातून, सर," तो उत्तरला आणि स्वतःच गप्प झाला.

त्याला दोष देण्याचा अधिकार मला उरला नव्हता. किती सहली मी गंडिपेटला नेल्या! बांध दाखविला, साल पाठ करून घेतले. पाऊस ज्या माळांवरून व ओढ्यांतून तलावात उतरतो, तिकडे एकदाही मुलांची तोंडे वळविली नाहीत.

वाचकहो, रविवारी मुलाबाळांसह गंडिपेटला जाल, तेव्हा बांधावरून परतू नका. पाणी जिकडून येते, त्या दिशेने कोसभर पुढे जा. ओढ्यांच्या वाटा अजून मोकळ्या आहेत का, हे मुलांनाच मोजू द्या. माझा राहिलेला धडा तेवढा पुरा होईल.