संघ कोणाचा?

२०१४ साली पुणे शहराचे नाव धारण करून एक फुटबॉल संघ बालेवाडीच्या मैदानावर उतरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो मोडला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या एका नव्या संघाने घेतली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या हैदराबादच्या संघानेही आपला मुक्काम हलविला आणि तो दिल्लीचा झाला. मौज अशी की, दिल्लीचा जो मूळचा संघ होता तो २०१९ मध्येच दिल्लीला रामराम ठोकून भुवनेश्वरास गेला होता! विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु विंचू हिंडू लागला म्हणून त्याच्यामागे नारिंगी सदरे घालून कोणी जयघोष करीत नाही. या संघाच्या मागे मात्र हजारो तरुण तसे उभे होते. आणि ते आजही पुण्यातच उभे आहेत.

पुण्याच्या संघाची ही विचारपूस चंद्रपूरच्या पत्राने कशासाठी करावी, असे कोणी म्हणेल. चांद्या-गडचिरोलीची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात, हे एक कारण झाले. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, आपल्या गावाच्या नावावर चालणाऱ्या उद्योगाचे निर्णय दूरच्या कचेरीत व्हावेत आणि आपल्याला ते वर्तमानपत्रातून कळावेत, हा अनुभव कोळशाच्या व अरण्याच्या या मुलखाला नवा नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

एफ. सी. पुणे सिटी या संघाची पाच हंगामांची कारकीर्द पाहिली, तर चाहत्यांचा संताप अकारण होता असे कोणास म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षी विश्वविजेत्या फ्रेंच संघातील त्रेझेगे आला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा मुतू आला. नावे मोठी होती. गुणतक्त्यातील स्थान मात्र सहावे, सातवे, पुन्हा सहावे असेच राहिले. पाच हंगामांत सहा परदेशी प्रशिक्षक झाले. २०१७-१८ मध्ये संघ एकदाचा उपांत्य फेरीत पोहोचला, तर पुढल्या हंगामाच्या आरंभी प्रशिक्षक पुन्हा नवा. आणि तीन सामने होताच त्यालाही निरोप! रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उपटून बघणाऱ्या माळ्याची बाग कधी फुलत नाही. अखेरीस मालकगटच आर्थिक संकटात सापडला आणि संघ संपला. त्या निर्णयात ज्यांनी पावसात भिजून सामने पाहिले त्यांच्या मताला काडीची किंमत नव्हती.

पराभव झाला की ओरडणारे हे लोक चंचल असतात, असे संघचालक म्हणत असतात. आम्हांस हे मान्य नाही. चंचल मनुष्य ओरडत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसरा खेळ पाहू लागतो. सातव्या स्थानावरील संघासाठी जो तिकीट काढतो आणि मग चालकांना जाब विचारतो, तो त्या संघाला आपला समजतो म्हणूनच विचारतो. खेळाडूंना शिवीगाळ करणे, पंचांच्या अंगावर धावून जाणे हे सर्वथा निंद्य आहे, आणि अशा प्रेक्षकाची आम्ही वकिली करणार नाही. परंतु व्यवस्थापनाला प्रश्न विचारणे ही बेइमानी नव्हे. निष्ठेचेच ते दुसरे रूप आहे.

मालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. फुटबॉलच्या धंद्यात आपल्या देशात नफा क्वचितच होतो. वर्षानुवर्षे पदरमोड करणाऱ्या उद्योगपतीवर संघ चालविण्याची सक्ती कोण करणार? प्रश्न रास्त आहे. पण मग हे केवळ दुकान आहे असे आरंभीच सांगावे. शहराचे नाव घ्यावयाचे, तेथील तरुणांच्या अभिमानावर तिकिटे खपवावयाची, आणि जाताना मात्र खासगी मालमत्तेचा कागद पुढे करावयाचा, ही दुटप्पी नीती झाली. पैसा मालकाचा असतो हे खरे. नाव आणि निष्ठा ही त्याची नसतात.

महाराष्ट्राने ही किंमत वारंवार मोजली आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आलेला पुणे एफ. सी. २०१५ मध्ये गेला. २०१७ मध्ये मुंबई एफ. सी. आणि पुण्याचा डी. एस. के. शिवाजीयन्स यांचीही तीच गत झाली. संघ मोडतो तेव्हा केवळ एक फलक उतरत नाही. बल्लारपूरच्या किंवा गडचिरोलीच्या मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या पुढची शिडीची एक पायरी निखळते.

इतरत्र लोकांनी यावर उपाय शोधले आहेत. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, काही अपवाद वगळता संघाच्या कारभारात बहुमत सभासदांचेच राहावे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ दुसऱ्या गावी नेण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा संघ उभारला. तळापासून चढत तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात परतला. आपल्याच देशात, १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये ए. टी. के. ही अक्षरे चिकटविण्यात आली. चाहते तीन वर्षे झगडले आणि मार्च २०२३ मध्ये, विजेतेपदाच्या दिवशीच, मालकांना ती अक्षरे काढण्याची घोषणा करावी लागली. नावामागे दुसरे शेपूट लागलेच, हे खरे. परंतु संघटित निष्ठेला वजन असते हे सिद्ध झाले.

पण दाखला शोधण्यासाठी इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा हे लहानसे गोंड गाव आहे. ज्यांनी जंगल राखले त्यांचा जंगलावर अधिकार, हे तत्त्व त्याने कायद्याकडून मान्य करवून घेतले. २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने आपला बांबू स्वतःच्या अधिकारात विकला. तेथे ग्रामसभेत सर्वांची संमती झाल्यावाचून निर्णय होत नाही. बांबूच्या बाबतीत एका गोंडाच्या गावाला जे साधले, ते फुटबॉलच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना साधू नये काय?

म्हणून आमची सूचना अशी आहे. शहराचे नाव लावणाऱ्या प्रत्येक संघाने चाहत्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधीस व्यवस्थापक मंडळात स्थान द्यावे. वर्षातून एकदा उघड सभेत जमाखर्च आणि प्रशिक्षकांच्या नेमणुकांचा हिशेब मांडावा. खेळाडूंच्या एका हंगामाच्या वेतनाइतकी रक्कम आगाऊ अनामत ठेवावी. आणि नाव, रंग वा शहर बदलावयाचे झाल्यास चाहत्यांची संमती घ्यावी. या अटी मान्य केल्याखेरीज अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कोणासही परवाना देऊ नये.

अपयश कोणत्याही संघाच्या वाट्यास येते आणि सच्चा चाहता ते सोसतोही. त्याला सोसवत नाही ती उपेक्षा. बालेवाडीच्या बाकांवर जे तरुण बसत होते ते विजयाची हमी मागत नव्हते; आपल्याला कोणी विचारावे एवढेच ते मागत होते. ज्या दिवशी संघचालक हे समजतील, त्या दिवसापासून संघाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावे लागणार नाही.