‘जेवण जात नाही’ म्हणजे नेमके काय?

‘वय झाले, आता जेवण कमीच होणार,’ हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यावर कोणी थांबून विचार करीत नाही. त्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मात्र घातक ठरू शकते.

आधी सत्याचा भाग पाहू. वाढत्या वयात हालचाल कमी होते, स्नायूंचे प्रमाण घटते आणि साहजिकच ऊर्जेची गरजही उतरते. तरुणपणी जेवताना जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्नाला जागा करून देतो. उतारवयात ही लवचिकता कमी होते. जठर रिकामे व्हायलाही अधिक वेळ लागतो. नाकाची गंध ओळखण्याची शक्ती ओसरते आणि चवीचा मोठा वाटा गंधाचाच असल्यामुळे फोडणीचा खमंगपणा पूर्वीसारखा जाणवत नाही. म्हणून तीन पोळ्या खाणारे आजोबा काही वर्षांत दोन पोळ्यांवर आले, पण त्यांचे वजन, उत्साह आणि दिनक्रम पूर्वीसारखाच राहिला, तर काळजीचे कारण नाही.

काळजीची रेषा वजनाने आखावी. कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो उतरले, तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे. घरात वजनकाटा नसला तरी खुणा दिसतात: बांगड्या कोपराकडे सरकतात, अंगठी बोटातून निसटते, नीट बसणारी कवळी अचानक सैल होते.

अशा वेळी दवाखान्यात नातेवाईक बहुधा एकच तक्रार सांगतात, ‘जेवत नाहीत.’ स्वतः रुग्णाला बोलू दिले तर तो अधिक नेमके सांगतो. आपल्या भाषेत या एका तक्रारीसाठी निदान पाच निरनिराळी वाक्ये आहेत आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

‘भूकच लागत नाही’ असे कोणी म्हणाले, तर शरीरात एखादा आजार दडलेला नाही ना, हे तपासावे लागते. क्षयरोग, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार, हृदयाची दुर्बलता, थायरॉइडचे दोष, कर्करोग, रक्तातील सोडियम कमी होणे, यांपैकी कशाचीही सुरुवात मंदावलेल्या भुकेने होऊ शकते. न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग ज्येष्ठांमध्ये कधीकधी ताप न येताच होतो. जेवण सोडणे आणि गुंगीत राहणे एवढीच त्याची लक्षणे असतात. औषधेही भूक मारतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, हृदयरोगावरील डिगॉक्सिन आणि लोहाच्या गोळ्या ही नेहमीची उदाहरणे होत. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.

‘तोंडाला चव नाही’ ही तक्रार असेल, तर बॅटरीच्या उजेडात तोंड पाहावे. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ न भरल्याने आलेले बुरशीचे पांढरे चट्टे, ‘बी १२’ जीवनसत्त्वाच्या अभावाने लालबुंद झालेली जीभ, औषधांमुळे पडलेली कोरड, यांवर उपचार आहेत. काही वेळा मात्र दोष ताटाचा असतो. रक्तदाबासाठी मीठ कमी, साखरेसाठी गोड बंद, कोलेस्टेरॉलसाठी तूप बंद. असे एकेक पथ्य जमत जाऊन ताटात खावेसे काही उरत नाही. वजन घटणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत कोणते पथ्य सैल करता येईल, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

‘घास उतरत नाही’ म्हणणाऱ्याला भूक असते. अडचण वाटेत असते. माझ्याकडे एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या सूनबाईंनी आणले होते. जेवणाला नाही म्हणणारे गुरुजी चहात बुडवलेली खारी मात्र दिवसातून तीनदा खात होते. कवळी हिरडीला टोचत होती आणि सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी भाकरी चावता येत नसल्याचे कोणाला सांगितले नव्हते. दंतवैद्यांनी कवळी बदलून दिली आणि तक्रार मिटली. याउलट, आधी भाकरी, मग भात, नंतर पेजही छातीत अडकू लागली, तर एक दिवसही न दवडता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. पक्षाघात झालेल्या रुग्णाला पाणी पिताना ठसका लागत असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

‘दोन घासांत पोट भरते’ यामागे बद्धकोष्ठता हे एक नेहमीचे कारण असते. जुन्या मधुमेहात जठराची गती मंदावते, तेव्हाही असे होते. पण जठरातील व्रण, गाठ किंवा पोटात साठलेले पाणी हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून तक्रार दोन-तीन आठवडे टिकल्यास पोट तपासून घ्यावे.

‘खावेसेच वाटत नाही’ हे पाचवे वाक्य बहुधा मनातून येते. आयुर्वेदानेही अरोचकाच्या कारणांत शोक आणि भय यांची गणना केली आहे. पन्नास वर्षे जिच्यासमोर बसून जेवले ती सहचारिणी गेल्यावर एकट्यासाठी वाढलेले ताट जड होते. काहीजण रात्री लघवीला उठताना पडू, या धास्तीने संध्याकाळपासून खाणेपिणेच आवरते घेतात. नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा विचारही येथे करावा लागतो.

कारण न शोधता दुकानातून ‘भुकेचे टॉनिक’ आणणे टाळावे. अशा अनेक सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असते. मुळात ते ॲलर्जीवरचे औषध आहे. ज्येष्ठांना त्याने गुंगी येते, तोल जातो, बद्धकोष्ठता वाढते, कधी भ्रम होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. पडून खुबा मोडला, तर ही बाटली फार महाग पडते.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. अनेकांना सकाळी भूक बरी असते; मुख्य जेवण तेव्हा ठेवावे. जेवणाच्या तोंडावर चहा किंवा पेलाभर पाणी देऊ नये. थोड्या घासांत अधिक पोषण जावे यासाठी मऊ भातावर तूप-मेतकूट, पेजेत दूध, भाजीत दाण्याचा कूट, सोबत अंडे किंवा पनीर द्यावे; मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी त्यांच्यासोबत जेवायला बसावे.

एक धोका विशेष लक्षात ठेवावा. मधुमेही व्यक्तीने जेवण सोडले, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे चालू राहिले, तर रक्तातील साखर अतिशय खाली जाऊन बेशुद्धी येऊ शकते. अशा दिवशी गोळी किंवा इन्सुलिन देण्यापूर्वी साखर तपासून डॉक्टरांना फोन करावा. इन्सुलिन मनाने बंद करू नये.

शेवटी एका नाजूक प्रसंगाविषयी. दुर्धर आजाराच्या अखेरच्या दिवसांत शरीराची अन्नाची मागणीच थांबत जाते. तेव्हा तोंडात कोंबलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि रुग्णाचा त्रास वाढतो. आपण आपल्या माणसाला उपाशी ठेवतो आहोत, अशी टोचणी सेवा करणाऱ्यांना लागून राहते. डॉक्टरांशी बोलून हा टप्पा आल्याची खात्री झाल्यावर ती टोचणी मनातून काढून टाकावी. ओठ ओले ठेवावेत, मागितली तर आवडीच्या खिरीची चमचाभर चव द्यावी, आणि हात हातात घेऊन बसावे.

हा टप्पा येण्यापूर्वीच्या साऱ्या काळात मात्र दोन सवयी लावून घ्याव्यात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच काट्यावर वजन करून वहीत नोंदवावे. आणि ताट परत आले तर रागावण्याऐवजी शेजारी बसून विचारावे, ‘भूक नाही, चव नाही, की घास उतरत नाही?’