जारवांच्या अरण्यातील सहल

अंदमानात पोहोचलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला नमस्कार सेल्युलर कारागृहातील स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीला असतो, आणि ते उचितच आहे. मात्र पुढच्याच पहाटे हे कुटुंब बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहण्यास निघते. जिरकाटांगच्या नाक्यावरून सुटणारा वाहनांचा ताफा जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. गुहा हे निमित्त; डोळे काचेबाहेर ‘ते’ दिसतात का, हेच शोधत असतात.

हे वनवासी स्वतःला ‘आंग’ म्हणवतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ३८० होती. रानडुकरांची शिकार, मासे, कंद आणि मध यांवर त्यांचा निर्वाह चालतो. मध काढण्यापूर्वी एका वनस्पतीचा पाला चघळून त्याचा रस ते अंगाला फासतात, म्हणजे मधमाश्या दूर राहतात. अशा माणसांना ‘रानटी’ म्हणायचे आणि वर त्यांना पाहायला पैसे मोजून जायचे!

याच बेटांवरील ग्रेट अंदमानी समाजाचे काय झाले, हे ठाऊक असायला हवे. १८५८ मध्ये इंग्रजांनी बंदिवसाहत वसवली, तेव्हा ते काही सहस्र होते. गोवर, उपदंश आणि ‘सुधारणे’च्या आश्रयगृहांनी त्यांचा घास घेतला, २०११ मध्ये उरले ४४. २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्धा निवर्तली आणि तिच्यासह ‘बो’ भाषाही गेली. जारवा १९९७-९८ च्या सुमारास बाहेरच्यांशी मिसळू लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरण्यातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता चालूच राहिला.

२०१८ मध्ये एक अमेरिकी धर्मप्रचारक कायदा मोडून उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो रास्तच होता. पण रोगजंतू धर्मप्रचारकाचे आणि सावरकरभक्ताचे असा भेद करीत नाहीत. सेवेच्या सद्भावनेलाही येथे आवर हवा. १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम उभा राहिला, तेथील समाजाचा बाहेरच्या जगाशी संबंध जुनाच होता. शाळा, वसतिगृह तेथे शोभते. जारवांना ते न मागता देणे म्हणजे आश्रयगृहाचीच पुनरावृत्ती.

बाराटांगला समुद्रमार्गेही जाता येते. तो मार्ग नियमित करून पर्यटकांना हा रस्ता बंद करणे प्रशासनाच्या हाती आहे. तोवर सहलीच्या कार्यक्रमातून बाराटांग वगळायला सांगणे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येईल.