सोय कोणाची, पाळत कोणावर?

जबलपूर शहराचे नाव भारताच्या घटनात्मक इतिहासात एका लांच्छनास्पद निकालाशी जोडले गेले आहे. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्ध केलेल्या नागरिकालाही सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्याआधी नेमके उलटे मत दिले होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिले. बहुमतातील चौघांत न्या. य. वि. चंद्रचूड हे एक होते. पुढे ४१ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. त्याच वेळी जबलपूर खटल्याचा निर्णय मोडीत काढणारे निकालपत्र ज्यांनी लिहिले ते न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र.

स्थानबद्धता आणि खासगीपणा यांची गाठ एकाच निकालात पडली हा योगायोग म्हणता येणार नाही. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता : ‘विश्वास ठेवा’ असे सत्ता जेव्हा बजावते, तेव्हा त्या सत्तेला जाब विचारण्याचे कोणते साधन सामान्य माणसाच्या हाती उरते? १९७५ साली ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्यातही हाच प्रश्न होता. पोलीस रात्री-अपरात्री घरी येऊन पाळत ठेवतात, अशी एका नागरिकाची तक्रार होती. न्यायालयाने खासगीपणाचे तत्त्व विचारात घेतले, हे पोलीस नियम घटनाबाह्यतेच्या काठावर आहेत असेही बजावले. पण नियम मात्र कायम ठेवले.

आज पाळत ठेवण्यासाठी मध्यरात्री दार वाजविण्याची गरज उरलेली नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची तो स्वतःच्या पैशाने यंत्र विकत घेतो, रोज रात्री ते चार्ज करतो आणि उशाशी घेऊन झोपतो. हा माणूस मूर्ख आहे असे मात्र कोणी समजू नये. खमारियाच्या आयुध निर्माणीतील कामगाराला रेल्वेचे तिकीट वा विजेचे बिल यांसाठी अर्धा दिवस रांगेत घालवावा लागत नाही, गावी राहिलेल्या आईला क्षणार्धात पैसे पाठविता येतात, ही खरी सोय आहे. यंत्राला विरोध करणे हे श्रमिक चळवळीचे उद्दिष्ट नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्यातून निघणारे फळ कोणाच्या पदरात, हा तिचा प्रश्न आहे. आणि मोबाईलच्या बाबतीतही तोच विचारला पाहिजे.

‘फुकट’ मिळणाऱ्या खेळाचेच उदाहरण घ्यावे. घरोघरची मुले मोबाईलवर जे खेळ खेळतात त्यांतील अनेकांना पैसे पडत नाहीत. पण खेळ सुरू करताना परवानग्या मागितल्या जातात : ठावठिकाणा, मायक्रोफोन, संपर्कांची यादी. मूल किती वाजता खेळते, कोठे हरते, हरल्यावर किती वेळ थांबते, कोणत्या क्षणी पैसे खर्च करण्यास तयार होते, याची नोंद होत राहते आणि तिच्या आधारे जाहिरातीची जागा विकली जाते. मुलाचा विरंगुळा हा येथे कच्चा माल ठरतो. ‘फोर्टनाइट’ या खेळाची मालक असलेल्या एपिक गेम्स कंपनीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य करावे लागले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे आणि फसव्या रचनेने खरेदी करावयास लावणे, असे दोन आरोप तिच्यावर होते. एखाद्या कंपनीच्या वाईट वर्तनापुरता हा प्रकार मर्यादित नाही. ज्या व्यवसायात नफाच अशा नोंदींवर उभा आहे, त्या व्यवसायाची ती स्वाभाविक चाल आहे.

यावर ठराविक उत्तर मिळते की, ग्राहकाने संमती दिलेली असते. ही संमती कशी असते? व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये आपले नवे धोरण स्वीकारा नाहीतर सेवा सोडा, असा पवित्रा घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याबद्दल मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्या साधनावर गल्लीतील दुकानदारापासून शाळेच्या सूचनांपर्यंत सर्व व्यवहार चालतो, ते साधन सोडण्याचे स्वातंत्र्य कागदावरचे असते. उपाशी मजूर आणि गिरणीमालक यांच्यातील ‘स्वखुशीचा’ करार श्रमिकांना चांगला परिचित आहे. बोटाच्या एका स्पर्शाने होणारा हा करारही त्याच जातीचा आहे.

कामाच्या ठिकाणी तर स्वखुशीचा देखावाही उरत नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. रोजगार हमीच्या मजुरांना १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नसले तर केलेले कामही न केल्यासारखे. अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी जुलै २०२५ पासून मातेचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखावा लागतो. सोय वरून खाली उतरते आणि माहिती खालून वर चढते. चूक झाली तर भुर्दंड मात्र खालच्यालाच. गैरहजेरी व गळती रोखण्यासाठी हे आवश्यक आहे, असा दावा केला जातो. गळती रोखलीच पाहिजे. परंतु ज्या कंत्राटदाराच्या खात्यात मोठी गळती होते त्याच्या मनगटावर घड्याळ दिसत नाही.

‘लपविण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची’, हा प्रश्नही वारंवार केला जातो. युनियनच्या सभेला कोण गेले, कोणाला कोणता आजार आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, यांत गुन्हा कोणताच नाही. तरीही हे सर्व मालकाला ठाऊक असले की वेतनाच्या वाटाघाटीत कामगार अर्धा हरलेला असतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या परिस्थितीत काय बदलते? संमतीची स्पष्ट सूचना, माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क, मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास बंदी, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला कामगाराची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा हाच कायदा देतो. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे देऊन केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून वगळू शकते. देखरेख करणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही सरकारच्याच हाती. दंड सरकारी तिजोरीत जमा होणार, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाईची तरतूद नाही. वर याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील सार्वजनिक हिताची कसोटी असलेले कलम आकुंचित केले. नागरिक सत्तेला पारदर्शक, सत्ता नागरिकाला अपारदर्शक, असा हा उलटा न्याय आहे. २०२५ च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली. ‘फुकट’ खेळांतील माहितीचा व्यापार हा त्या बंदीचा विषयच नव्हता.

म्हणूनच सोय हवी की खासगीपणा, हा पर्यायच खोटा आहे. रेल्वेच्या तिकिटासाठी प्रवाशाच्या मित्रांची यादी लागत नाही. आहाराच्या पाकिटासाठी मातेचा चेहरा साठवून ठेवावा लागत नाही. कामापुरतीच माहिती, काम होताच ती नष्ट, यंत्राला नकार देणाऱ्याला कागदावरची व्यवस्था, आणि कामाच्या ठिकाणी कोणतीही पाळत बसविण्यापूर्वी युनियनशी वाटाघाट, या चार मागण्या कोणत्याही सोयीच्या आड येत नाहीत. आड येतात त्या फक्त नफ्याच्या आणि दंडेलीच्या.

एकट्या माणसाने फोनमधील परवानग्या तपासाव्यात, मुलांच्या खेळांवर लक्ष ठेवावे, हे योग्यच. पण एकट्याची सावधगिरी मक्तेदारीपुढे पुरी पडत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट मोबाईल सरकारला सामुदायिकरीत्या परत केले आणि मराठी नसलेल्या ॲपविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा घराघरांतले गाऱ्हाणे मागणी बनले. कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांच्या सनदेत वेतन व कामाच्या तासांबरोबर माहितीचा हक्कही लिहिला पाहिजे, आणि शाखाशाखांतून त्याचा अर्थ सोप्या भाषेत समजावून दिला पाहिजे. जबलपूर खटल्यातील अन्याय दुरुस्त होण्यास ४१ वर्षे लागली. माहितीच्या बाबतीत तेवढी वाट पाहणे श्रमिकांना परवडणारे नाही.