पहिलं मशीन साधंच घ्या!

मंडळी, आज थोडं भांडायचं ठरवलंय.

"शिवण शिकायचंय, मशीन कुठलं घेऊ?" असं नात्यातली एखादी मुलगी विचारते आणि माझं उत्तर पोचायच्या आत घरातलं कुणीतरी चाळीस टाक्यांचं, बटणाबटणांचं मशीन मागवून मोकळं होतं. हौसेनं, कौतुकानं. या कौतुकालाच माझा विरोध आहे.

शिकणारीला टाके लागतात किती? एक. सरळ टीप. उशीचा अभ्रा, झबलं, परकर, ब्लाउज, सगळं त्या एका टिपेवर उभं राहतं. मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुलांना मी कधी वृत्तं शिकवली नाहीत.

"म्हणजे पायमशीन? या काळात?" हो, या काळात! पायमशीन तुमच्या पायाइतकंच पळतं. सुरुवातीला चाक उलटं फिरून दोरा तुटतो, पण चार दिवसांत पाय शहाणा होतो. विजेच्या मशीनवर नवखा पाय जोरात पडला की कापड सुईखालून सुसाट जातं, टीप वाकडी येते, आणि मुलगी समजते आपल्याला शिवण जमणारच नाही. मशीनवर कव्हर चढतं ते कायमचं. पैसे गेले त्याचं मला दुःख नाही, तिचा हात गेला त्याचं आहे.

शिवाय साध्या मशीनचं पोट उघडून बघता येतं. बॉबिन, डबी, शटल, दाते... पुसा, तेल द्या, चालू. अडलंच तर गल्लीतला कारागीर आहे. यंत्रांचे विरोधक म्हणून ओळखले जाणारे गांधीजी, पण १९२४ साली त्यांनीही सिंगरचं शिवणयंत्र अपवाद मानलं होतं. माणसाच्या हाताला मदत करणारं यंत्र त्यांना चालत होतं. हात बाजूला सारणारं नव्हे.

आता दुसरी बाजू. टी-शर्टसारखं ताणणारं कापड शिवायचं तर सरळ टीप तटकन तुटते, तिथे झिगझॅग हवाच. हे मान्य. पण सुरुवात टी-शर्टने कोण करतं? पिको, इंटरलॉक बाहेर करून मिळतं. घरात जागा नसेल तर तेच काळं मशीन हाताच्या चाकावर घ्या, टेबलावर मावतं.

दुकानात मात्र विक्रेत्याच्या कडक चिंधीवरची टीप बघून भुलू नका. आपलं सुती कापड न्या. वर लाल, खाली पांढरा दोरा घाला. दुहेरी कापडावर आणि चौपदरी दुमडीवर टीप मारा. पांढरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त आहे, खाली लाल फासे लोंबले तर कमी. ताण जुळवून दोन्हीकडे सारखी टीप पडली, की मशीन चांगलं.

आणि काका-मामा-आत्यांनो, भेट द्यायचीच असेल तर साधं मशीन द्या. उरलेल्या पैशांत चांगली कात्री आणि पाच मीटर मांजरपाट द्या. बिघडवायला कापड मिळालं तरच मुलगी शिकेल.